नूतनचा कान मी नेला नाही

मी एक जुना भोंगा आहे. अॅल्युमिनियमचा, कडेला एक पोचा पडलेला, पाठीवर निळ्या रंगात 'ताराचंद साउंड सर्व्हिस' असं लिहिलेला. स्वतःची कहाणी सांगताना समोरच्यांना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो, तुमच्याविषयी माझ्या मनात फारसं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकतो. एका गावाने माझ्यावर बाईचा कान नेल्याचा आळ घेतला. तुम्हीही कुठल्या तरी गावचेच आहात, तेव्हा तुम्हीही तेच केलं असतं. तरी ऐका. इतकी वर्षं तुमची लग्नं, तुमच्या सभा, तुमची हरवलेली ढोरं मी गावाला ऐकवली. आज थोडं माझं ऐकलं तर तुमचं काही बिघडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा साच्यावर फिरवून माझं तोंड रुंद केलं आणि मागे युनिट बसवलं. युनिट म्हणजे माझा गळा. त्यात एक पातळ पडदा असतो, तो थरथरला की मी बोलतो. ताराचंदने मला गोंदियाच्या बाजारातून आणलं तेव्हा तो तरणा होता. एस.टी.त जागा नव्हती, तरी मला खाली ठेवलं नाही, चिचगडपर्यंत छातीशी धरून उभा राहिला. आमचं गाव तिथून आणखी पुढे, जंगलाला लागून. घरी पोचल्यावर त्याची बायको पार्वताबाई मला बघून म्हणाली, "घरात धड गंज-भांडं नाही भाजी शिजवाले, अन् हे तोंड वासून बसलेलं काय आनलं?" त्या बाईशी माझं तेव्हापासून कधी जमलं नाही.

पण कामात मी कधी कुचराई केली नाही. सकाळी विहारातली वंदना मी म्हणायचो. पोलिओचा डोस आला, रेशनचे तांदूळ आले, ग्रामसभा आहे, कोणाचा बैल सुटला, सगळं माझ्याच तोंडून. मोह वेचायच्या दिवसांत जंगलात वाघ फिरताना दिसला की ताराचंद पहाटे मला वाजवायचा, आणि बाया टोपल्या घेऊन निघायच्या थांबायच्या. कितीतरी जणी माझ्यामुळे आज चालत्याबोलत्या आहेत. कोणी कधी म्हटलं का, भोंग्या, बरं झालं तू होतास? नाही म्हटलं. आवाज जरा फाटला की मात्र सगळ्यांना तोंड फुटायचं.

मग लग्नांत मोठमोठे काळे बॉक्स आले. लोक त्यांना टेकून नाचू लागले. मी दवंडीपुरता उरलो. ताराचंदने मला टाकून दिलं नाही, एवढंच. मोठ्या आवाजाने कान बिघडतात हे मी नाकारत नाही. तासन् तास आवाजाजवळ उभं राहाल तर कान जाईल, मग तो आवाज बॉक्सचा असो की माझा. पण जे मी केलं नाही ते माझ्या माथी मारलं तर मी गप्प बसणार नाही.

आता मुद्द्याचं सांगतो.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि रात्री नाटक असतं. त्या वर्षी मंडईचा अध्यक्ष होता श्यामलाल. धानाची चांगली शेती, गावात शब्दाला वजन, आणि आपल्या शब्दाला वजन आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक. मला कुठे बांधायचं यावर बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, "माह्या घरासमोरच्या खांबावर बांध, ताराचंद. अध्यक्षाच्या दारात भोंगा नाही, हे बरं दिसते का?" हे त्याचे शब्द आहेत. पुढे तो ते सोयीने विसरला.

श्यामलालची सून नूतन. तिचा नवरा धर्मेंद्र कोहमाऱ्याला हायवेवर टायरच्या दुकानात कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. नूतन हसतमुख, कामाला वाघीण. धानकापणीत बायांच्या रांगेत ती नेहमी पुढे असायची. त्या वर्षी मात्र ती मागे पडायला लागली होती. ताराचंदच्या घरासमोर पाण्याचा पंप आहे. मंडईच्या आधी मी अंगणात पडलो होतो, ताराचंद माझी वायर जोडत होता आणि पार्वताबाई भांडी घासत होती. नूतन पाण्याला आली, हंड्याएवढा पितळी गुंड भरला, पण उचलेना. डोकं धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं वं बाई?" पार्वताबाईने विचारलं.

"काकू, कापनी सुरू झाली तेव्हापासून डोकं दुखून राहिलं. अन् या उजव्या कानात चक्की चालल्यावानी आवाज येते. थांबतच नाही."

"घरी सांगितलं का?"

"सांगितलं ना. ऊन लागलं म्हनतेत."

हे मी ऐकलं, पार्वताबाईने ऐकलं, ताराचंदनेही ऐकलं. तेव्हा मी खांबावर चढलोही नव्हतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे गावात कोणी ठेवलं नाही.

मंडई झाली. नाटक झालं. त्यानंतरच्या सकाळी नूतन चुलीपाशी उठायला गेली आणि भिंतीला धरून खालीच बसली. घर गरगर फिरत होतं, आणि उजव्या कानाने काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. सासू शकुंतलाबाई दारात आली, वर माझ्याकडे बघितलं आणि गाव गोळा होईल अशा आवाजात ओरडली, "या भोंग्यानं माह्या सुनेचा कान नेला!"

झालं. एवढं वाक्य पुरलं. घटकाभरात सगळं गाव खांबाखाली. काल रात्री ज्यांनी ताराचंदला 'आवाज वाढव, मागं ऐकू येत नाही' म्हणून सांगितलं होतं, तेच आज माना हलवत होते. श्यामलालने शिडी आणवली, मला खाली उतरवलं आणि बगलेत मारलं.

"ज्याच्या ढोरानं वावर खाल्लं त्याचं ढोर आपन कोंडवाड्यात टाकतो ना?" त्याने सगळ्यांना विचारलं. "मंग सुनेचा कान नीट होतपर्यंत हा भोंगा माह्या घरी कोंडून राहीन."

आणि गावाला ते पटलं हो. पटलं म्हणजे काय, न्याय झाला म्हणून लोक घरोघर चहाला गेले. ताराचंद बिचारा मुळात कमी बोलणारा. पार्वताबाईच पुढे झाली. म्हणाली, "भाऊ, भोंगा वाजायच्या आधीच हिचा कान बिघडला होता. पंपावर तिनं मले सांगितलं."

"तू काऊन मधात बोलून राहिली? भोंगा तुमचा, तू तं असंच बोलशीन."

नूतन दाराची चौकट धरून उभी होती. "मामाजी, खरंच आधीपासून..." एवढंच ती म्हणाली.

"तू आत जाय," शकुंतलाबाईने तिला दटावलं. "चक्कर येऊन राहिली ना तुले? पडशीन इथं."

ज्या बाईचा कान, तिलाच आत पाठवून तिच्या कानाचा निकाल लागला. मला त्या माणसांचा इतका संताप आला की युनिटला वायर असती तर मी तिथेच फुटेस्तोवर वाजलो असतो.

श्यामलालने मला घरात नेऊन ढोलीवर ठेवलं. ढोली म्हणजे धान साठवायची मोठी कणगी. ती मधल्या खोलीत होती, त्यामुळे त्या घरातला शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. तिथे मी जे ऐकलं त्याने माझं डोकं फिरलं. नूतनच्या दुखण्याची त्या घराने वाटणी करून टाकली होती. डोकं दुखतं, ते उन्हाने. त्याला बाम. चक्कर येते, ती अशक्तपणाने. तिला गूळ-शेंगदाणे. कान माझ्या नावावर. ती भाजीत दोनदा मीठ टाकायची, गॅस बंद करायची विसरायची, सख्ख्या मावससासूचं नाव आठवेना म्हणून कावरीबावरी व्हायची, ते नखरे. "माहेरी जाचं असीन, म्हनून नाटकं करून राहिली," असं शकुंतलाबाई शेजारणीला सांगायची, आणि तेही नूतनच्या डाव्या बाजूला बसून, म्हणजे तिला नीट ऐकू जाईल असं.

मग डोळा बिघडला. एका सकाळी नूतन म्हणाली, "आई, डाव्या डोळ्यानं खालचं अर्ध दिसत नाही. कोनी काळा कपडा धरल्यावानी दिसते."

"धानाचं कुसळ गेलं असीन." शकुंतलाबाईने तिला उंबऱ्यात उजेडाला बसवलं, पापणी उलटी केली, पदराच्या टोकाने डोळा पुसला. कुसळ काही सापडलं नाही. मग मेडिकलमधून थेंब आणले. कुसळ गेलं की डोळा खुपतो, पाणी येतं, लाल होतो. हिचा डोळा ना लाल होता ना दुखत होता, नुसतं दिसणं गेलं होतं. पण धानाच्या गावात डोळ्याला दुसरं काय होणार, असाच सगळ्यांचा समज.

एकदा मात्र श्यामलालने तिला देवरीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर ओसरीत बसून मोठ्या तोऱ्यात सांगत होता. "मी गेल्या गेल्याच सांगितलं, भोंग्यानं कान गेला. डॉक्टर म्हने, होऊ शकते. पाहा, डॉक्टरनंही मानलं." डॉक्टरने नूतनला काही विचारलं की हाच उत्तर द्यायचा, हेही त्याने स्वतःच कौतुकाने सांगितलं, कारण तिला ऐकू येत नाही तर ती काय सांगणार. डोळ्याचं तिथे बोलला नाही. कानाच्या डॉक्टरला डोळ्याचं कशाला सांगायचं, असं त्याचं म्हणणं. आणि भोंग्याच्या आधीच कान वाजत होता, हे तर तो सांगणारच नव्हता. चारचौघांत मला कोंडून बसला होता ना! आता 'भोंग्याचं काही नाही' म्हटलं असतं तर अध्यक्षाचं नाक कापलं गेलं असतं. नाकासाठी त्याने सुनेचा कान पणाला लावला.

तुम्ही म्हणाल, भोंग्या, तुला तुझ्यावरच्या आळाचा राग. होय, आधी माझ्यासाठीच राग होता. खोटं कशाला बोलू? पण एका दुपारी घरात कोणी नव्हतं. नूतन धान काढायला ढोलीपाशी आली आणि माझ्यावर आदळली. मी कंबरेएवढ्या ढोलीवर, तिच्या डाव्या हाताला खालच्या बाजूला होतो, तेवढंच तिला दिसत नव्हतं. तिने चाचपून मला सरळ केलं. मग हात तसाच ठेवून म्हणाली, "तू नाही नेला रे. मले माहीत हाये." आणि पुढे म्हणाली, "आता डाव्या कानातही चक्की सुरू झाली. कोनाले सांगू?" मला त्या पोरीची फार दया आली. त्या घरात तिचं ऐकणारा मीच एक होतो, आणि माझ्या तोंडात आवाज नव्हता. तेव्हापासून माझा राग माझ्यापुरता राहिला नाही.

मंडईनंतर धर्मेंद्रला दुकानातून सुट्टी मिळाली नव्हती, पण रोज दिवेलागणीला त्याचा फोन यायचा. नूतन तो डाव्या कानाला लावून अंगणात फिरत बोलायची. दिवसभरात तेवढाच तिचा चेहरा फुलायचा. पण त्या दिवशी ती 'हॅलो, हॅलो' एवढंच म्हणत राहिली. फोन डाव्या कानावरून उजव्याला लावला, परत डाव्याला. मग आत आली आणि फोन सासूपुढे धरला. "आई, यांना म्हना मले ऐकू येऊन नाही राहिलं." आणि तिथेच ढोलीला टेकून रडायला लागली. शकुंतलाबाई पहिल्यांदा घाबरली. मी तिचा आवाज ओळखतो, त्यात कधी नव्हे ते कापरं होतं.

गावात बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्र मोटारसायकलवर घरी पोचला, आणि त्याच्या पाठोपाठ पार्वताबाई आली. तिने आधी नूतनला जवळ घेतलं. मग पदर खोचला आणि श्यामलालसमोर जाऊन उभी राहिली. ज्या घरात तिला कोणी कधी बसा म्हटलं नव्हतं, त्या घराच्या मधल्या खोलीत ती उभी होती.

"भाऊ, भोंगा कुठं हाये?"

"तो काय ढोलीवर. कान नीट झाल्यावर घेऊन जाय."

"मंडईपासून तो इथंच कोंडून हाये ना? वाजला का एखादी बार?"

"कसा वाजीन? मशीन तं तुमच्याकडं हाये."

"मंग हिचा डावा कान कोनं नेला?"

श्यामलाल म्हणाला, "पयल्या आवाजाचाच असर असीन. आता निघून राहिला."

"अन् डोळा? डोळ्यातही भोंगा वाजला का?"

मित्रांनो, जिच्याशी माझं उभ्या आयुष्यात जमलं नाही त्या बाईचे पाय धरावेसे वाटले मला. धर्मेंद्र मात्र दारातून पुढे आला. त्याने विचारलं, "डोळ्याचं काय? मले कोनी सांगितलं नाही डोळ्याचं." नूतन फोनवर का नाही बोलली, असं तुम्ही विचाराल. ती सांगायची आणि मागून सासू ओरडायची, पोराले उगाच काळजी काऊन देतेस म्हणून. मी ऐकलंय ते. धर्मेंद्रने गाडी बोलावली आणि नूतनला घेऊन गोंदियाला निघाला. श्यामलालही चढला. म्हणे, तुले नीट सांगता येनार नाही.

गोंदियाला काय झालं ते धर्मेंद्रने पुढे आईला सांगितलं, तेव्हा मी ढोलीवर होतोच. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम होत्या. खुर्चीवर नूतन बसली आणि श्यामलालने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, भोंगा, मंडई, कान. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबूजी, आप थोड़ा बाहर बैठिए. तकलीफ इनको है, इनको बोलने दीजिए." बाहेर बसवलं हो अध्यक्षाला! मॅडमनी मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पहिल्यापासून सांगा', आणि नूतनसमोर धरलं. नूतनने ते वाचलं. मग बोलायला लागली. कापणीतलं डोकं, पंपावरची चक्की, चक्कर, विसरणं, काळा कपडा, फोन. मधून मधून शब्द हरवत होते, पण मॅडमनी घाई केली नाही.

मग डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि मॅडमनी आत बघितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. त्यातली एक फांदी बंद पडली होती, आणि तिच्या वाट्याचा पडदा रक्तावाचून फिका पडला होता. मॅडमनी तिथूनच नागपूरला फोन केला आणि म्हणाल्या, आजच्या आज निघा, उद्यावर टाकू नका.

नागपूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढला. मेंदूच्या मधल्या भागात बारीक बारीक ठिपके निघाले. सुसॅक का असंच काहीसं नाव धर्मेंद्रने सांगितलं, त्याला ते नीट म्हणता येत नव्हतं. शरीराचं रक्षण करणारी जी ताकद असते, तीच उलटते आणि मेंदू, डोळा आणि आतला कान या तीन ठिकाणच्या सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांवर चालून जाते. त्या सुजतात, रक्त अडतं. आतल्या कानात बाहेरून काही दिसत नाही. फार कमी लोकांना होतं, त्यात जवान बायकांना जास्त. हे तिन्ही एकाच वेळी बिघडतात असंही नाही. कधी डोकं, कधी कान, कधी डोळा. म्हणून तिन्ही गोष्टी एकाच माणसाने एका जागी सांगितल्या नाहीत तर डॉक्टरलाही पत्ता लागत नाही. आणि आमच्या श्यामलालने त्या तीन ठिकाणी वाटून दिल्या होत्या, सगळ्यांत मोठा वाटा मला.

सलाईनमधून जोरदार औषधं सुरू झाली. नूतन बरेच दिवस नागपूरला होती. इकडे घरात कोणी माझं नाव काढत नव्हतं. मी रोज एकच गोष्ट ऐकायला कान लावून होतो, तिचा डावा कान राहिला की गेला. शकुंतलाबाई फोन आला की आधी तेच विचारायची. मला तिचा राग होता, पण त्या वेळी आम्ही दोघंही एकाच उत्तराची वाट बघत होतो.

राहिला. पुरता नाही, पण राहिला. नूतन परत आली तेव्हा तिच्या डाव्या कानात मशीन होतं आणि ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ऐकत होती. उजवा कान कायमचा गेला. डाव्या डोळ्याच्या खालच्या भागात अंधार आहे तो आहेच. पण डोकं साफ झालं होतं, मावससासूचं नाव तिने उंबऱ्यातच घेतलं. औषधं बरीच वर्षं चालणार आणि तपासणीला नागपूरला जात राहावं लागणार. त्या संध्याकाळी ओसरीत धर्मेंद्र बापाला म्हणाला, "मी डॉक्टरले विचारलं, आधी आनली असती तं उजवा कान वाचला असता का. तो म्हने, जेवढं लवकर येतेत तेवढं जास्त वाचते." श्यामलालने पान थुंकलं आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला ढोलीवरून उचललं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं. ताराचंदच्या घरी नेऊन दिलं नाही, बोलावलं नाही, चुकलो म्हटलं नाही. कोंबड्या माझ्यावर चढून बसल्या. दुपारी पार्वताबाई आली आणि मला डोक्यावर घेऊन गेली. ज्यांनी खांबाखाली माना हलवल्या होत्या त्यांपैकी एकानेही काही विचारलं नाही. माझ्यावरचा आळ तसाच राहिला. गावात अजूनही कोणी कोणी मला बघून कानावर हात ठेवतं.

उन्हाळ्यात शाळेत आरोग्य शिबिर ठरलं. ताराचंदने चौकात मला बांधलं आणि माईक घेऊन दवंडी द्यायला लागला. झाडाखाली माणसं पत्ते खेळत होती, त्यांत श्यामलालही होता. नूतन पंपावरून येत होती. ती थांबली, गुंड खाली ठेवला आणि ताराचंदपुढे हात केला. "काका, मले द्या जरा." ताराचंदने एकदा श्यामलालकडे बघितलं. मग माईक दिला.

"मी नूतन बोलून राहिली," ती म्हणाली. "माहा कान या भोंग्यानं नाही गेला. मंडईच्या आधीपासूनच कानात आवाज येत होता, डोकं दुखत होतं. मी सांगत होती. माह्या घरी कोनी मनावर घेतलं नाही. डोळा गेला तेही सांगितलं. उद्या शिबिराले या. डोकं, कान, डोळा, जे होत असीन ते सारं एकाच डॉक्टरले सांगा. अन् जिचं दुखते तिलेच बोलू द्या."

पत्ते थांबले. सगळे श्यामलालकडे बघत होते. तो हातातली पानं खाली ठेवून उठला आणि घराकडे चालायला लागला. माझ्या आयुष्यात मी हजार गोष्टी बोललो असेन, पण ते बोलताना मला जो आनंद झाला तो कधी झाला नव्हता.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी धडा द्यायचा असतो, तो घ्या. मला पुसून ठेवा, जपा, असलं काही मी मागत नाही. मी जुना झालो, भंगारात जाईन. पण तुमच्या घरात कोणी म्हणालं की कानात आवाज येतो, डोळ्यापुढे काळं येतं, डोकं ठणकतं, काही आठवत नाही, तर दोष कोणाला द्यायचा ते शोधत बसू नका. तिला घेऊन निघा, आणि वाटेत तुमचं तोंड बंद ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला होतो, दारातून आतलं सगळं दिसत होतं. शकुंतलाबाई आली. श्यामलाल सोबत होता. डॉक्टरने विचारलं, काय त्रास आहे बाई? श्यामलाल म्हणाला, "हिले ना, रात्री..."

"तुमी बाहेर बसा," शकुंतलाबाई म्हणाली. "मी सांगते."